वाडवडिलांच्या बंदुका : धाराशिव जिल्ह्यांतील एक उपेक्षित साधन

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें दप्तर. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, आणि माळ्यावरच्या रुमालांत बांधलेल्या जुन्या कागदाची किंमत मराठी माणसाला हळूहळू कळूं लागली. परंतु त्याच माळ्यावर, त्याच रुमालांच्या शेजारीं, गोणपाटांत गुंडाळलेली लोखंडाची जी एक लांबट वस्तु पडलेली असते, तिचें भाग्य अद्याप उजाडलेलें नाहीं. वर्षांतून एकदां, खंडेनवमीस, तिला खालीं उतरवितात. पुसतात, हळदकुंकू व झेंडूचें फूल वाहतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां वर ठेवून देतात. 'ही पणजोबांची बंदूक' याच्यापलीकडे घरांतील कोणास फारसें सांगतां येत नाहीं. जेथें सांगतां येतें तेथें तें सांगणें बहुधा इतकें भव्य असतें कीं, इतिहासाच्या विद्यार्थ्यानें दचकावें.

या वस्तूस बोलतें कसें करावें, तिची जपणूक कशी करावी, आणि तिनें सांगितलेलें ऐकण्याची आपली कितपत तयारी आहे, या तीन गोष्टींचा येथें विचार करावयाचा आहे. क्षेत्र म्हणून धाराशिव जिल्हा घेतला आहे. सुमारें शंभर वर्षें हा जिल्हा उस्मानाबाद या नांवानें ओळखला जात असे व २०२३ सालीं त्याचें जुनें नांव सरकारी कागदांत पुन्हां आलें. ही निवड केवळ जवळिकीची नव्हे. महाराष्ट्रांत सरहद्दीचें आयुष्य इतका दीर्घ काळ जगलेले जिल्हे थोडेच असतील, आणि सरहद्द म्हटली म्हणजे हत्यार आलेंच.

परंड्याचा किल्ला घ्या. निजामशाहींत १५४९ सालीं ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ याच किल्ल्यावर होती व १६३२ सालीं ती येथून विजापुरास गेली. नळदुर्गाच्या उपळ्या बुरुजावरील लांब तोफा आजही प्रवाशांस थबकवितात. खर्डा येथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांचा जो संग्राम झाला तें स्थळ परंड्यापासून दूर नाहीं. आणि त्या संग्रामांत निजामाच्या बाजूनें रेमंड नामक फ्रेंच सेनापतीचीं कवायती पलटणें उभीं होतीं. त्याच रेमंडनें हैदराबादेस तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. पुढें १८५३ च्या तहान्वयें धाराशिवचा मुलूख कंपनीकडे आला, कर्नल मेडोज टेलर हे नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहूं लागले, आणि १८६० सालीं तोच मुलूख निजामाकडे परत गेला. त्यामुळें इंग्रजी हद्दींत १८७८ चा हत्यारांचा कायदा लागू झाला तेव्हां बार्शी-सोलापूर एका कायद्याखालीं व त्यांना लागून असलेले परंडें-तुळजापूर दुसऱ्या अमलाखालीं, अशी स्थिति उत्पन्न झाली. अशा मुलखांत पाटील-देशमुखांच्या वाड्यांतून नाना जातींचीं हत्यारें सांपडावीं यांत नवल नाहीं.

आतां बंदूक ओळखावयाची कशी? घराण्याची आख्यायिका क्षणभर बाजूस ठेवावी आणि आधीं बंदुकीचें तोंड, कान व घोडा पाहावा, हा पहिला नियम. जी तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाची ती ठासणीची. जिचें काडतूस मागून घालावयाचें ती अलीकडची. ठासणीच्या बंदुकांत पुन्हां तीन पिढ्या आहेत. पेटती वात कानाशीं नेणारी ती तोड्याची. गार पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी ती चकमकीची. आणि तांब्याची लहानशी टोपी बोंडावर बसवून तीवर घोडा आपटणारी ती टोपीची. टोपीची पद्धति लष्करांत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकाच्या अखेरीस. म्हणून ज्या बंदुकीस टोपीचें बोंड आहे ती त्या स्थितींत शिवकालीन असणें शक्य नाहीं. घरचीं वडीलधारीं माणसें कांहींही म्हणोत. मात्र येथें एक सावधगिरी हवी. जुन्या चकमकीच्या बंदुकीस मागाहून टोपीचा घोडा बसविण्याची चाल सर्रास होती. घोड्याखालच्या पट्टीवर बुजविलेलीं भोकें दिसलीं तर नळी एका पिढीची व घोडा दुसऱ्या पिढीचा, असें अनुमान करावें.

कंपनीच्या चकमकीच्या बंदुकीची नळी सामान्यतः ३९ इंच लांब व भोंक पाऊण इंचाचें असे. तिच्या पट्टीवर चार खणांचें हृदयाकार चिन्ह व त्यांत कंपनीचीं आद्याक्षरें आढळतात. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागीं मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. या एका चिन्हावरून बंदुकीचें वय पंचवीस-तीस वर्षांच्या मर्यादेंत बसवितां येतें. पट्टीवर 'टॉवर' हा शब्द दिसला तर पुष्कळजण तें कारागिराचें नांव समजतात. वस्तुतः तो लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचा शिक्का होय.

यानंतरची १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड. तिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ सालीं काय झालें हें शाळेंतील मुलासही ठाऊक आहे. तिची नळी तीन पट्ट्यांनीं लांकडास जखडलेली, भोंक .५७७ इंचाचें, आणि आंतून पीळ घातलेले आटे. या आट्यांमुळें गोळी फिरत जाते व दूरवर नेमकी लागते. परंतु हुबेहूब एन्फील्डसारख्या दिसणाऱ्या कांहीं बंदुकांची नळी आंतून गुळगुळीत असते. घरचे लोक म्हणतात, 'वापरून वापरून आटे झिजले.' मापनयंत्र लावून भोंक मोजावें. तें .६५६ इंचाच्या आसपास भरलें तर आटे झिजलेले नसून मुळांत ठेवलेलेच नव्हते असें समजावें. बंडानंतर हिंदी शिपायांच्या हातीं गोऱ्या सोल्जराच्या तोडीचें हत्यार राहूं नये अशा धोरणानें, १८५८ पासून, मुद्दाम गुळगुळीत नळीच्या व दूरच्या पल्ल्याची नेमपट्टी नसलेल्या बंदुका हिंदी पलटणींकरितां करण्यांत आल्या. राज्यकर्त्यांनीं जाहीरनाम्यांत काय लिहिलें हें आपण वाचतों. शिपायावर त्यांचा विश्वास किती होता हें या नळीच्या पोटांत मोजतां येतें. लोखंडास मीं साधन म्हटलें तें या अर्थानें.

हाच पंक्तिभेद पुढेंही चालला. १८६६ च्या सुमारास एन्फील्डच्याच नळीचा मागील भाग कापून तेथें उजव्या बाजूस उघडणारें झांकण बसविलें, ती स्नायडर. १८७१ ची, खालची तरफ ओढतांच आंतील ठोकळा खालीं पडणारी, ती मार्टिनी-हेन्री. गोऱ्या फौजेस मार्टिनी मिळाली तेव्हां हिंदी फौजेस स्नायडर मिळाली, आणि गोऱ्यांस .३०३ ची मेटफोर्ड मिळाली तेव्हां मार्टिनी हिंदी फौजेकडे उतरली. मार्टिनीच्या उजव्या अंगावर मुकुट, राणीचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, साल व नमुन्याचा आंकडा असा शिक्का असतो. तो वाचतांना अक्षरें नीट पाहावीं. वायव्य सरहद्दीवरील गांवांतून या बंदुकांच्या हुबेहूब नकला होत असत. तेथील लोहार हाताचा कुशल असला तरी इंग्रजी लिपीचा जाणता नसे, म्हणून एखादें अक्षर उलटें पडून त्याचें गुपित फोडतें.

पुढची .३०३ ची ली-एन्फील्ड. तिचा १९०७ चा आंखूड नमुना दोन्ही महायुद्धांत हिंदी जवानाच्या खांद्यावर होता. तिच्या दस्त्याच्या गळ्याशीं असलेल्या लोखंडी कड्यावर उजव्या बाजूस मुकुट, राजाचीं आद्याक्षरें, कारखाना व साल हीं असतात. बंगाल्यांतील इच्छापूर येथील रायफलींच्या कारखान्याची १९०४ सालीं स्थापना झाली. त्या कारखान्याचें नांव व 'जी. आर. आय.' हीं तीन अक्षरें असलीं तर ती हिंदुस्थानांत घडलेली. इच्छापूरच्या बंदुकांस पुढच्या लांकडांतून आडवा स्क्रू घातलेला आढळतो. कांहींच्या नळीभोंवतीं तांब्याची तार गच्च गुंडाळलेली असते, ती बॉम्ब फेंकण्याच्या कामासाठीं. जिचें भोंक रुंद व गुळगुळीत करून .४१० चें केलें आहे व जींत एका वेळीं एकच काडतूस बसतें, ती पोलिसांकरितां बदललेली. जुन्या डब्यांत एखादें रिकामें काडतूस सांपडलें तर त्याचें बूडही पाहावें, तेथें 'के. एफ.' असलें तर तें आपल्या खडकीच्या कारखान्याचें.

येथवर लोखंडाची साक्ष झाली. परंतु ती अपुरी आहे. बंदूक कोठें व केव्हां घडली हें शिक्का सांगतो. ती या घरांत कशी आली हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं पुन्हां कागदाकडेच वळावें लागतें. धाराशिवकडील जुने परवाने उर्दूंत असतात व त्यांवर फसली साल असतें. हैदराबादी फसली सालांत ५९० मिळविले म्हणजे वर्षारंभाचें इसवी साल येतें. वर्ष ऑक्टोबरांत सुरू होत असल्यामुळें जानेवारीनंतरच्या तारखेस ५९१ मिळवावे. म्हणजे १३५७ फसली हें १९४७ च्या ऑक्टोबरापासून १९४८ च्या सप्टेंबरापर्यंतचें वर्ष होय. आज या जिल्ह्यांत मोडी वाचणारे थोडे व शिकस्त उर्दू वाचणारे त्याहून थोडे. आणि ज्या घरांत मोडीचे रुमाल आहेत त्यांच्याच घरांत उर्दू परवाने आहेत. दोघां वाचकांनीं एका ओसरीवर बसल्यावांचून हें काम होणें नाहीं.

१३५७ फसली या सालाचा उल्लेख मुद्दाम केला. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहांटे सोलापुराकडून हिंदी फौजा या जिल्ह्यांत शिरल्या, व नळदुर्गाजवळ त्याच दिवशीं शीख रेजिमेंटचा हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थीं पडला. पुढें अशोकचक्राचा पहिला मानकरी म्हणून त्याचें नांव नोंदलें गेलें. त्यापूर्वींचें एक-दीड वर्ष या मुलखानें जें सोसलें तें सांगणारे वृद्ध आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें. एकीकडे रझाकारांच्या हातीं ठासणीच्या बंदुकांपासून .३०३ पर्यंत मिळेल तें हत्यार होतें. सिडनी कॉटन नामक वैमानिक कराचीहून विमानांनीं हैदराबादेस शस्त्रें पोंचवीत होता. दुसरीकडे सरहद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीच्या बाजूस स्वातंत्र्यसैनिकांचे तळ पडले होते व त्यांनाही हत्यारें हवींच होतीं. पुष्कळ बंदुका त्या काळांत या हातांतून त्या हातांत गेल्या.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. कारवाईनंतर भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें १९४८ च्या अखेरीस संस्थानांत हिंडून जो अहवाल दिला, त्यांत सर्वांत अधिक हानि झालेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हीं नांवें आहेत. आणि या चार जिल्ह्यांत कारवाईच्या काळांत व तिच्यानंतर मारल्या गेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी असा समितीचा अंदाज आहे. हे मेलेले बहुतांशीं मुसलमान रयत होते. रझाकारांनीं केलेले अत्याचार खरे, आणि त्यांचा सूड ज्यांच्यावर उगविला गेला त्यांतील पुष्कळांचा त्या अत्याचारांशीं संबंध नव्हता, हेंही खरें. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्याच्या, एकाच वर्षाच्या आहेत. म्हणून त्या वर्षीं घरांत आलेल्या बंदुकीस 'मुक्तिसंग्रामांतील बंदूक' एवढी एकच चिठ्ठी चिकटवून मोकळें होणें इतिहासाला धरून होणार नाहीं. ती रझाकाराकडून हिसकावलेली असेल, सरहद्दीवरच्या तळावरून आलेली असेल, किंवा शेजाऱ्याच्या लुटलेल्या घरांतून उचललेली असेल. घरांतल्या म्हाताऱ्या माणसास विचारतांना उत्तर आपल्याला आवडेल असेंच यावें अशी अपेक्षा बाळगणें म्हणजे न विचारण्यासारखेंच आहे. ज्यास खंडेनवमीला बंदुकीची पूजा करावयाची आहे त्यानें तिचा इतिहास ऐकण्याइतकें मन खंबीर ठेवावें, एवढेंच माझें म्हणणें.

आतां जपणुकीकडे वळूं. अलीकडे जुन्या वस्तूंची हौस वाढली आहे, आणि या हौशीनें जितकीं हत्यारें बिघडविलीं तितकीं गंजानेंही बिघडविलीं नसतील. पणजोबांची बंदूक 'नव्यासारखी' करावी म्हणून तिला कांचकागदानें घासतात, चाकावर धरून चकचकीत करतात, वर निकेलचा मुलामा देतात, दस्ता तासून त्यावर पॉलिश फासतात. तिचें वय, तिचा कारखाना, तिची पलटण सांगणारे शिक्के जेमतेम कागदाच्या जाडीइतके खोल असतात. कांचकागदाच्या दहा-वीस हातांत ते नाहींसे होतात. जुनी मोडी सनद अधिक पांढरी दिसावी म्हणून कोणी तिची शाई धुवून काढीत नाहीं. मग बंदुकीचीच शाई कां धुवावी?

सर्वांत आधीं पाहावयाचें तें हें कीं, बंदूक भरलेली तर नाहीं ना. ठासणीच्या जुन्या बंदुका बार भरलेल्या स्थितींतच पिढ्यानुपिढ्या पडून राहिल्याचीं उदाहरणें जगभर आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींही पेटते. नळींत लांकडी गज सोडून तोंडाशीं खूण करावी व तोच गज बाहेरून नळीस लावून पाहावा. तो कानापर्यंत न पोंचतां चार बोटें अलीकडेच थांबत असेल, तर आंत कांहींतरी आहे असें समजून तेथेंच थांबावें व पोलीस ठाण्यास अथवा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्यास कळवावें. आगीजवळ नेणें, तापविणें, आंत सळई ठोकणें, यांपैकीं कांहीं करूं नये. मागून भरावयाच्या बंदुकीचें झांकण उघडून आंत पाहावें. तें उघडत नसेल तर बळ करूं नये.

दुसरें, हात लावण्यापूर्वीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं आणि प्रत्येक शिक्का, आंकडा व ओरखडा टिपून ठेवावा. नळीवरचा, मागील दट्ट्यावरचा व नेमपट्टीवरचा अनुक्रमांक एकच असेल तर ते भाग मूळचे एकमेकांचे. वेगळे असतील तर मधें कोठेंतरी जुळवाजुळव झाली आहे. तिसरें, गंज दोन जातींचा असतो. तांबडा, भुकटीसारखा हाताला लागणारा गंज जिवंत, तो लोखंड खात असतो. काळसर तपकिरी, घट्ट बसलेला थर शांत, तो उलट खालच्या लोखंडाचें रक्षणच करतो. पहिला पातळ तेलानें भिजवून, पितळेच्या मऊ तारांनीं किंवा सुती फडक्यानें धीरानें काढावा. दुसऱ्यास हात लावूं नये. लांकूड पाण्यानें धुवूं नये. कोरडें पडलें असल्यास जवसाच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. दस्त्यावर कोरलेलें एखादें नांव किंवा आंकडा असेल तर तो डाग नव्हे; तो शिपायाचा हात आहे. आणि खंडेनवमीचें हळदकुंकू? तें अवश्य वाहावें, पण त्याच संध्याकाळीं कोरड्या फडक्यानें पुसून वर तेलाचा हात फिरवावा. ओलें कुंकू व फुलांचा रस शिक्क्यांच्या खांचांत बसला म्हणजे गंजाची पेरणी तेथूनच होते. आणि जिची नळी, दट्ट्या व दारूचा दाब कोणा जाणत्यानें तपासलेला नाहीं अशा बंदुकीनें, हौसेखातर देखील, बार काढूं नये.

शेवटीं कायद्याविषयीं, कारण पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें येथेंच घाबरून जातात व रातोरात बंदूक विहिरींत टाकून मोकळीं होतात. १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या ४५ व्या कलमांत, जें हत्यार जुन्या नमुन्याचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें असून दुरुस्त केलें तरी वा न केलें तरी बंदूक म्हणून चालूंच शकत नाहीं, त्यास सूट दिलेली आहे. परंतु तें तसें आहे हें आपण ठरवावयाचें नसतें. तें सक्षम अधिकाऱ्यापुढेंच ठरतें. चालूं शकणारी बंदूक असेल तर वारसानें जिल्हाधिकारी कचेरींत परवान्यासाठीं अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवतां येतात, आणि वारशानें आलेली बंदूकही या मर्यादेंतच मोजली जाते. .३०३ च्या रायफली व .४१० च्या पोलिसी बंदुका तर निषिद्ध वर्गांतच मोडतात. त्यांच्या बाबतींत अधिकच दक्षता हवी. ती न घेतां केलेली हौस गुन्हा ठरते.

भय आहे तें निराळेंच. जमा केलेलें हत्यार अखेर वितळवून टाकलें जातें, आणि त्याच्याबरोबर त्यावरील चार अक्षरेंही जातात. म्हणून जमा करण्यापूर्वीं तरी त्याची नोंद झाली पाहिजे. या जिल्ह्यांत तेर येथें शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आहे. सातवाहनकालीन मातीच्या खेळण्यांस व मण्यांस तेथें सन्मानानें जागा मिळाली आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या मण्याला जी काळजी आपण देतों, तिच्यांतील थोडी दीडशें वर्षांपूर्वींच्या लोखंडास दिली तर कांहीं बिघडणार नाहीं. प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास-विभागानें आपल्या तालुक्यापुरती एक वही घालावी. तींत बंदुकीचें माप, शिक्का, छायाचित्र, परवान्याची नक्कल आणि घरच्या वृद्धानें सांगितलेली हकीकत जशी सांगितली तशी उतरून घ्यावी. लोखंडाची साक्ष व तोंडची हकीकत जुळली नाहीं तर दोन्ही शेजारीं शेजारीं लिहाव्या, एकीसाठीं दुसरी खोडूं नये. पुढच्या पिढीच्या संशोधकास उत्तर मिळण्याची जागा बहुधा तीच असेल. हें काम खर्चाचें नाहीं व विद्वत्तेचेंही फारसें नाहीं. यासाठीं एक मापनपट्टी, एक छायाचित्रयंत्र आणि ऐकून घेण्याची तयारी एवढें पुरे. आणि १३५७ फसलीची आठवण सांगणारीं माणसें आहेत तोंवरच तें व्हावयास हवें.